विनंती थांबा

कंट्रोलर साहेबांनी नवं कोरं पुस्तक माझ्या काउंटरवर ठेवलं, तळहातानं त्याचं कव्हर दोनदा सपाट केलं आणि माझ्याकडे कटर मागितला. मला वाटलं, किमतीची चिकटपट्टी काढायची असेल. साहेबांनी पुस्तक मधोमध उघडलं, शिवणीत पातं घातलं आणि वरपासून खालपर्यंत ओढलं.

माझं दुकान झेरॉक्स आणि स्टेशनरीचं आहे, त्यामुळे कागद कापलेला मी रोज बघतो. पण या पुस्तकाचा नवेपणाचा वाससुद्धा अजून गेला नव्हता, आणि हा माणूस ते कोहळ्यासारखं चिरत होता.

"अहो साहेब, हे काय करून राह्यले तुमी?"

"डबे वेगळे करून राह्यलो," मान वर न करता साहेब म्हणाले. "तू दाभण अन् सुतळी काढ."

अर्ध्या तासात त्या पुस्तकाचे चौदा तुकडे झाले. प्रत्येक तुकडा साहेबांनी सुतळीनं शिवला, त्याला खाकी कागद चढवला आणि लाल स्केचपेननं वर आकडा टाकला. मग मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, "अकरा बावन्न. तयारी पूर्ण." आणि ते चौदा भाग काखेत मारून निघून गेले. कटरसुद्धा घेऊन गेले, तो मला आठवड्यानं परत मिळाला.

साहेबांचं नाव पुरुषोत्तम उमाटे, पण ते आता गावात कोणाला आठवत नाही. तालुक्याच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. रिटायर होऊन गावी परत आले तरी त्यांची ड्युटी काही संपलेली नाही. आमचं गाव अल्लीपूरच्या पलीकडं आहे आणि दिवसातून चार गाड्या येतात. त्या चारही गाड्या साहेब घराच्या ओट्यावर उभं राहून घड्याळाशी ताडून बघतात. गाडी वेळेवर असली तर काही बोलत नाहीत. उशिरा असली तर ड्रायव्हरकडे नुसतं बघतात. नवीन ड्रायव्हर या रूटवर आला की जुने त्याला आधी ओट्यावरचा म्हातारा दाखवून ठेवतात, असं मी ऐकलं आहे.

वेळ ते चोवीस तासांच्या हिशेबानं सांगतात. "साहेब, जेवले का?" असं विचारलं की उत्तर येतं, "तेरा वीसले." तब्येत विचारली तर "नियमित सुरू आहे." कोणाच्या घरी बसायला गेले तर उठण्याआधी पाच मिनिटं सूचना देतात, "आता मी सुटतो." आणि बरोबर पाच मिनिटांनी सुटतात, चहा अर्धा असला तरी. एकदा आमच्या गल्लीतल्या लग्नात मुहूर्त टळून गेला तरी नवरदेवाचे मित्र बँडपुढे नाचतच होते. साहेब घोड्याच्या समोर जाऊन उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "सतरा चाळीस होऊन गेले. गाडी फलाटावर घ्या." बँड थांबला, नवरदेव घाबरून खाली उतरला आणि दहा मिनिटांत अक्षता पडल्या. अर्ध्या पाहुण्यांचं लग्न हुकलं. गाव त्या लग्नाला अजून नावं ठेवतं, पण नवरा-नवरीचं बरं चाललं आहे.

तरी साहेबांची खरी कीर्ती चहाच्या गोष्टीमुळे. ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना येते. साहेब नोकरीत होते तेव्हाची आहे. त्यांच्या बायकोला, म्हणजे लीलाकाकूंना, माहेरी गिरडला जायचं होतं. गाडी फलाटावर उभी होती. काकू पाण्याची बाटली भरायला नळावर गेल्या. तेवढ्यात वेळ झाली. काकू हातात बाटली घेऊन धावत येत होत्या, दुसरा हात वर करून थांबा थांबा म्हणत होत्या, आणि साहेबांनी केबिनच्या खिडकीतून ते सगळं बघितलं. बघून कंडक्टरला निघायची खूण केली. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. काकू फलाटावरच्या बाकावर बसल्या. पुढच्या गाडीला दोन तास होते. थोड्या वेळानं साहेबांनी कँटीनच्या माणसाबरोबर काकूंना एक चहा पाठवला.

गोष्ट इथं आली की ऐकणारे हसतात. "गाडी नाई, पण चहा बरोबर टाइमावर!" हे वाक्य माझं आहे. कित्येक वर्षं मी ते माझ्या काउंटरवरून गिऱ्हाइकांना ऐकवलं आहे आणि ते दर वेळी चाललं आहे.

आता पुस्तकाचं. आमच्या शाळेच्या ठोंबरे मॅडमनी थंडीच्या सुरुवातीला पालकांची सभा घेतली. मुलं वाचत नाहीत, मोबाइल सोडत नाहीत, हे सांगून झालं. मग त्या म्हणाल्या की आपण एक नवीन गोष्ट करू. अख्ख्या गावानं मिळून एकच पुस्तक वाचायचं. मुलांनी घरी मोठ्यानं वाचायचं, घरच्यांनी टीव्ही बंद करून ऐकायचं, आणि शेवटी एका रविवारी शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी बसून त्यावर बोलायचं. कल्पना सगळ्यांना आवडली. अडचण एकच होती की पुस्तकाची प्रत एकच होती.

मी लगेच उभा राहिलो आणि म्हणालो, झेरॉक्स काढून टाकू, गावाचं काम आहे, भाव कमी लावीन. माझा हेतू अगदी निर्मळ होता असं मी म्हणणार नाही. मॅडम म्हणाल्या, कोणाच्या पुस्तकाच्या अशा प्रती काढणं बरोबर नाही. मी बसलो.

मग मागच्या सतरंजीवरून साहेब उठले. "गावाले गाडी कितीक आहे?" त्यांनी विचारलं.

"चार," कोणीतरी म्हणालं.

"अन् गाव तर सारंच जाते ना तालुक्याले? एकाच वेळेस बसते का सारे? फेरीनं जाते. मंग पुस्तकाचं बी तसंच करू. एकाच्या चौदा गाड्या करू अन् एकामागून एक सोडू."

कोणाला फारसं समजलं नाही, पण साहेबांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी ते कटर मागायला माझ्याकडे आले.

पद्धत अशी होती. शाळेत जाणारी पोरं असलेली सतरा घरं, आणि आणखी एक. अशी अठरा घरं म्हणजे अठरा थांबे. पहिला भाग पहिल्या घरी एक रात्र मुक्कामाला राहणार. रात्रीच्या जेवणाआधी पोरानं तो घरच्यांना वाचून दाखवायचा. सकाळी सात चाळीसला, शाळेत जाताना, तो दुसऱ्या घरी पोचवायचा. त्याच सकाळी पहिल्या घरी दुसरा भाग येणार. अशा एकामागून एक तेरा गाड्या. चौदावा भाग मात्र फिरणार नव्हता. तो साहेबांनी मॅडमच्या कपाटात ठेवला होता, आणि शेवटच्या रविवारी तो पटांगणात सगळ्यांसमोर वाचायचा होता. म्हणजे शेवट सगळ्या गावाला एकाच वेळी कळणार. मला हे मान्य केलं पाहिजे की झेरॉक्सपेक्षा ही युक्ती चांगली होती.

साहेबांनी माझ्याकडूनच मोठा पुठ्ठा घेऊन त्यावर वेळापत्रक आखलं आणि माझ्याच दुकानाच्या शटरशेजारी टांगलं. माझी मुलगी गौरी पाचवीत आहे. तिनं सगळ्यात आधी आमचं घर शोधलं. बारावा थांबा. मग तिची नजर अकराव्यावर गेली. तिथं साहेबांनी स्वतःचं घर लिहिलं होतं आणि कंसात लिहिलं होतं, विनंती थांबा.

"आबाजी," गौरी म्हणाली, "तुमच्या घरी तर कोणीच पोट्टं नाई."

साहेबांचा एकुलता मुलगा पुण्याला असतो, त्याचं अजून लग्न नाही.

"विनंती थांबा आहे," साहेब म्हणाले. "विनंती आली का गाडी थांबते."

"कोणं केली विनंती?"

"ते हापिसचं काम आहे. तू तुह्या थांब्यावर लक्ष दे."

आम्ही समजलो की साहेबांना मधल्या टप्प्यावर तपासणी करायची असणार. पानं फाटली का, कोणी पेननं लिहिलं का, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं. एक दिवस वाया जातो म्हणून माझ्या पुढच्या घरांनी थोडी कुरकुर केली, पण ती साहेबांच्या कानावर घालायला कोणी तयार झालं नाही.

पुस्तकात एका कुंभाराची लेक होती, सगुणा. तिचं हौशा नावाचं गाढव बाजारातून हरवतं आणि ती त्याला शोधायला निघते. गोष्ट एवढीच. पण आठ दिवसांत गाव त्या गाढवामागं लागलं. माझ्या दुकानासमोर सकाळी जी म्हातारी मंडळी उन्हात बसतात, ती आधी कापसाच्या भावावर बोलायची. आता एकमेकांना विचारू लागली, "लागला का पत्ता?" पहिल्या थांब्यांवरची माणसं पुढं असल्यामुळे त्यांना माहीत असायचं आणि ती मिशीत हसायची. मागच्याला पुढचं सांगायचं नाही, हा साहेबांचा सगळ्यात कडक नियम होता. पहिल्या थांब्याच्या मनकर्णाआजीला ते जमलं नाही. तिनं पाणी भरताना चौथ्या थांब्यावरच्या बाईला सांगून टाकलं की गाढव एका तमाशावाल्यानं नेलं आहे. साहेबांनी तिचा थांबा एक दिवस रद्द केला. आजी त्या संध्याकाळी दुसऱ्या थांब्यावर जाऊन दारात बसून ऐकून आली.

साहेबांनी एक लेट रजिस्टर केलं होतं. सकाळी सात चाळीसनंतर पोचलेल्या प्रत्येक भागाची त्यात नोंद व्हायची, आणि पोरांना कारण सांगावं लागायचं. रजिस्टर माझ्या काउंटरवर असायचं म्हणून मी वाचायचो. भाग तीन, थांबा सहा, उशीर पन्नास मिनिटे, कारण: शेळी व्याली. भाग चार, थांबा नऊ, उशीर एक तास, कारण: मामा आला व त्यानेही वाचला. भाग पाच, थांबा दोन, उशीर नाही, परंतु कोपरा बकरीने खाल्ला. त्यापुढं साहेबांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता: किरकोळ अपघात, मजकूर सुखरूप.

शेरे मात्र पोरांना भोगावे लागत. तीनदा उशीर झाला तर पोरानं साहेबांच्या ओट्यासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "माझ्यामुळे पुढचे प्रवासी खोळंबले." हे म्हणताना पोरं हसायची, साहेब हसायचे नाहीत. "हासतं काय बे? तू घरात लोळून राह्यला, अन् तिकडं कोणी थांब्यावर उभं असन त्याचं काय?" असं त्यांनी एकाला विचारलं होतं. तेव्हा मला ते त्यांचं नेहमीचं बोलणं वाटलं.

आठव्या भागाचा शेवट असा होता की सगुणा एका परक्या गावात बंद वाड्यासमोर उभी आहे, दार आतून लावलेलं आहे, आणि आतून हौशाच्या ओरडण्याचा आवाज येतो. गौरीनं हे वाचलं त्या रात्री ती नीट जेवली नाही. माझी बायकोसुद्धा दोनदा म्हणाली की दार कोणी उघडलं असेल. मी हिशेब केला, नववा भाग सकाळी यायला हवा.

सकाळी सात चाळीस झाले. आठ झाले. गौरी दप्तर पाठीवर घेऊन शेजारच्या ओट्यापर्यंत जाऊन आली.

"आबाजी म्हणते, गाडी मार्गावर आहे," तिनं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत नववा भाग आला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. साहेब नेहमीसारखे ओट्यावर उभे होते, पण बसकडे बघत नव्हते आणि आमच्या घराकडेही बघत नव्हते. त्यांच्यामागं दहाव्या थांब्यावर दहावा भाग, नवव्यावर अकरावा, आठव्यावर बारावा आणि सातव्यावर तेरावा, असे चार भाग अडकून पडले. नववा पुढं सरकल्याशिवाय दहावा सोडायचा नाही, हा नियमही त्यांचाच. आयुष्यभर ज्यानं गाडी थांबवली नाही त्याच्याच दारात गाड्यांची रांग लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोंबरे मॅडम माझ्या दुकानात आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. दहा दिवसांवरच्या रविवारी कार्यक्रम, तालुक्याहून साहेब लोक येणार, पत्र गेलेलं. भाग असेच अडकले तर अकराव्या थांब्याच्या पुढच्या सात घरांची पोरं अर्धी गोष्ट घेऊनच पटांगणात येणार. ज्यांना गाढव कुठं आहे हेच माहीत नाही त्यांच्यासमोर शेवट कसा वाचायचा? त्या सात घरांत माझंही घर होतं.

"भाग हरवला असन त्याईच्या हातून," उन्हात बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला. "आता वय झालं. सांगाची लाज वाटत असन."

"मी विचारले तर मला म्हणाले, गाडी मार्गावर आहे," मॅडम म्हणाल्या. "सुनीलभाऊ, तुम्ही शेजारी. तुम्हीच एकदा जाऊन बघा ना."

मी गेलो. खरं सांगायचं तर मला थोडी मजा वाटत होती. इतकी वर्षं सगळ्या गावाला घड्याळ दाखवणाऱ्या माणसाचा स्वतःचा उशीर पकडायला मी निघालो होतो. परत येऊन काउंटरवर ही गोष्ट कशी सांगायची, हेही वाटेत मनात जुळवत होतो.

समोरचं दार बंद होतं. मी बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात गेलो. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. बाजेवर लीलाकाकू बसल्या होत्या. चष्मा लावलेला, मांडीवर नववा भाग उघडा, आणि उजव्या हाताचं बोट एका ओळीखाली टेकवलेलं.

"स...गु...णा...नं," काकू म्हणत होत्या. "सगुणानं. क...डी. कडी वा...ज...वली."

मग त्या थांबल्या, बोट परत मागं नेलं आणि सगळी ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. या वेळी ती थोडी लवकर झाली. काकूंनी स्वतःशीच मान हलवली आणि बोट खालच्या ओळीवर घेतलं.

साहेब मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते, काकूंकडे पाठ करून. घड्याळ मनगटावर नव्हतं. ते शेजारी पायरीवर उताणं न ठेवता पालथं ठेवलं होतं. मी कोपऱ्यावर दिसताच त्यांनी हात वर केला. पंजा माझ्याकडे, बोटं ताठ. बसस्टँडवर कितीतरी वेळा बघितलेला तोच हात. मी जागीच थांबलो.

ते हळूच उठले, घड्याळ उचललं, मला बोळातून पुढच्या ओट्यावर घेऊन आले आणि दार ओढून घेतलं.

"कितवं पान आहे?" मी विचारलं.

"पाचवं. आठातलं." साहेब खालच्या आवाजात बोलत होते. "दुसरीतून शाळा सुटली तिची. अक्षरं ओळखे, पण वाचाची सवयच नोयती. आठ भाग आमी दोघांनी मिळून वाचले. मी बोट ठेवो, ती म्हणे. रात्री होऊन जाये. पण हा भाग आला अन् म्हणे, दार उघडते का नाई ते मी एकटीच वाचीन. तुमी मधात सांगाचं नाई. मी म्हटलं, नाई सांगत."

"अन् किती वेळ लागंन?"

साहेबांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं नाही. "सांगता येत नाई," ते म्हणाले.

या माणसाच्या तोंडून हे तीन शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

मी म्हणालो, रविवारचा कार्यक्रम आहे, मॅडम काळजीत आहेत, सात घरं थांबली आहेत. एक रस्ता आहे, नववा भाग आता पुढं देऊ, काकूंना मागून सावकाश वाचता येईल. मी तर म्हटलं की काकूंपुरता हा एक भाग मी हातानं उतरवून देतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ओट्याच्या कडेला बसले.

"सुनील, तू ते चहाची गोष्ट सांगतं ना दुकानात?"

मी त्यांच्या शेजारी टेकलो आणि मान हलवली.

"सांग, काही म्हणत नाई मी. गोष्ट खरी आहे. पण ती गिरडले कायले जात होती ते तुमी कोणी इचारलं नाई कधी. तिची माय बिमार होती. सकाळीच निरोप आलता, लवकर ये म्हणून. मले माहीत होतं. ती हात दाखवून धावत येत होती, बाटली घिऊन. मी पाह्यलं. म्हटलं आपल्या घरचं माणूस आहे म्हणून गाडी थांबवली तर लोकं काय म्हणतीन. सोडली गाडी. दोन तासानं दुसरी लागली. ती पोचली तवा मायचं बोलणं बंद झालतं. चार दिवस होती माय, पण बोलली नाई तिच्यासंग."

रस्त्यावरून कोणाची तरी बैलगाडी गेली. साहेबांनी ती जाऊ दिली.

"इतक्या वर्सात तिनं मले एक शब्द म्हटला नाई. मीच कधी काढलं तर म्हणे, जाऊ द्या, तुमची ड्युटी होती. पुस्तकाचं वेळापत्रक लिहित होतो तवा चहा घिऊन आली. म्हणे, आपल्या बी घरी थांबवा ना गाडी. बस, इतकंच. लग्न झाल्यापासून तिनं मले मागितलेलं मले तर दुसरं काही याद नाई."

मला काय वाटलं ते सांगायचं तर, लाज वाटली. त्या चहावरचं माझं वाक्य मला तिथं, ओट्यावर बसल्या बसल्या, माझ्याच आवाजात ऐकू आलं. काकू कितीतरी वेळा माझ्या दुकानात आल्या आहेत, पाकिटं घ्यायला, मुलाचे फोटो काढून घ्यायला. त्यांच्यासमोरही मी ते म्हटलं असेल. त्या हसल्या असतील.

आतून काकूंचा आवाज आला, "आयकलं का? हे जोडाक्षर काय होय?" आणि लगेच, "राहू द्या, राहू द्या, सांगू नका. लागलं मले."

साहेब उठून उभे राहिले होते ते परत बसले.

मी दुकानात आलो आणि मॅडमना फोन लावला. म्हणालो, भाग हरवलेला नाही, पण रविवार पुढं ढकला. का म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गाडी मार्गावर आहे. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, तालुक्याला मी कळवते. तालुक्याचे साहेब लोक त्याच्या पुढच्या रविवारी मोकळे नव्हते. त्यांच्यावाचून फारसं अडलं नाही.

नववा भाग तीन दिवस उशिरा आला. सकाळी सात चाळीसला, मिनिटावर. आणायला साहेब आले नाहीत, लीलाकाकू स्वतः आल्या, नवं लुगडं नेसून. गौरी दारातच उभी होती. काकूंनी भाग तिच्या हातात दिला, पण सोडला नाही, क्षणभर तसाच धरून ठेवला.

"आजी," गौरीनं विचारलं, "दार उघडलं का हो?"

काकूंनी आधी ओट्याकडे बघितलं. साहेब तिकडे तोंड करून बसची वाट बघत होते. मग काकू वाकल्या आणि गौरीला म्हणाल्या, "मागच्याले सांगाचं नाई." आणि पदर तोंडाला लावून हसत घरी गेल्या. माझ्या आठवणीत त्यांचं एवढं मोठं हसू दुसरं नाही.

ठरल्यापेक्षा एक रविवार उशिरा कार्यक्रम झाला. अठराही थांबे पटांगणात होते. सोमवारी साहेब चौदा भाग घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, परत एक गाडी करून दे, आता शाळेच्या कपाटात लागू दे. मी सगळे भाग जोडून शिवले. पाचव्या भागाचा बकरीनं खाल्लेला कोपरा आहे तसाच राहिला. नवव्या भागाच्या एका पानावर, कडीच्या ओळीखाली, बोट फिरून फिरून कागद मळला होता. मी खोडरबर घेतला होता, तो खाली ठेवला.

माझ्या दुकानात कोणी अजून चहाची गोष्ट सुरू केली तर मी झेरॉक्स मशीन चालू करतो. जुनं मशीन आहे, आवाज पुष्कळ करतं.

लेट रजिस्टर साहेब घेऊन जायला विसरले, किंवा त्यांनी मुद्दामच ठेवलं असेल. ते माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. शेळीच्या, मामाच्या आणि बकरीच्या नोंदींनंतर एक पान सोडून, टपोऱ्या अक्षरांत, शेवटची नोंद आहे.

भाग नऊ. थांबा अकरा. उशीर तीन दिवस. कारण: प्रवासी हात दाखवून धावत येत होता. गाडी थांबवली.